थार उचलल्यापासून पुढून ठक आवाज आणि मागून थरथर, पयले काय बघू?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. गाडी महिंद्रा थार सीआरडीई, २०१५ चं मॉडेल, माझ्याकडे सेकंडहँड आलेली. शेत रावेरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. मध्ये दोन नाले लागतात आणि एका ठिकाणी सुकी नदीच्या गोट्यांतून जावं लागतं, त्यात मागे खताच्या गोण्या नाहीतर फवारणीची टाकी असतेच, म्हणून मे महिन्यात गाडी दोन इंच उचलून घेतली. पुढे टॉर्शन बार आवळले, मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या) टाकले आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यात एक पाटा वाढवला. टायर कंपनीचे २३५/७० आर १६ होते त्याऐवजी २४५/७५ आर १६ टाकले. दिसायला गाडी भलतीच भारी झाली, खोटं कशाला बोलू, पण चालवायला पयलेसारखी राहिली नाही.

आता त्रास सांगतो. स्पीड ब्रेकरवरून पुढचं चाक खाली उतरलं की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठक आवाज येऊन राहिला. चढताना येत नाही, उतरतानाच येतो. खड्ड्यातही तसंच. दुसरं म्हणजे ६०-६५ च्या स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सीटखालून थरथर येते, पाय सोडला की लगेच बंद. तिसरं, भुसावळ-जळगाव हायवेला गाडी सरळ चालतच नाही, सारखं स्टेअरिंग इकडून तिकडून सांभाळावं लागतं आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप जागेवर येत नाही. ८० च्या पुढे गेलं की स्टेअरिंग हातात थरथरतं, पण हे रोज नाही, कधी असतं कधी नसतं. शिवाय डाव्या पुढच्या टायरची एक कड घासली जाऊन राहिली आणि काल धुताना बघितलं तर त्याच चाकाच्या रिमला आतून काळं ग्रीस उडालेलं, गोल रेघ मारल्यासारखं.

ज्याच्याकडे काम केलं त्याने पयले लिंक रॉड बदलले, मग पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तिथेच. आता तो म्हणतो लोअर आर्मचे (चाकाला चेसिसशी धरून ठेवणारा खालचा दांडा) बुश आणि बॉल जॉइंट बदलू. पैसे घालायला ना नाही हो, पण अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसलो तर केळीच्या कापणीपर्यंत गाडी गॅरेजातच राहील. घरचे पण याच गाडीतून फिरतात त्यामुळे मनात धाकधूक आहे. कुठून सुरुवात करू ते सांगा.

एमएच१९_ऑफरोड

भो, पयले ते ग्रीसचं बघ, बाकी नंतर. तो सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक वळलं तरी त्याला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा रबरी बूट फाटलाय. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळव, टॉर्च घे आणि बुटाच्या घड्या एकेक उघडून बघ, चीर घडीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. ग्रीस बाहेर गेलं की तिथून चिखल आणि वाळू आत जाते, मग जॉइंट खलास. वेळेत बदललं तर नुसता बूट आणि ग्रीस, उशीर केला तर अख्खा शाफ्ट. नदीत घालतोस म्हणजे तुला वेळ कमी आहे. सध्या पाण्यात घालूच नको.

ठक आवाजासाठी मला वरचा बॉल जॉइंट वाटतो. माझ्या गाडीत तोच होता. बघून घे.

पाटेवाला_धुळे

भाऊ, तुम्ही लक्षणं फार चांगली लिहिलीत. "उतरताना येतो, चढताना नाही" या एका वाक्यात अर्धं उत्तर आहे. मी तीस वर्षं पाटे आणि चेसिसचंच काम केलं, आता दुकान मुलगा बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सावकाश वाचा.

थारला पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे चेसिसच्या कडेने गेलेली लांब सळई. ती पिळली जाते आणि त्या पिळावर गाडीचं वजन तोललं जातं. मागच्या टोकाला बोल्ट असतो, तो आवळला की गाडी वर येते. इथं बहुतेक लोकांचा एक गैरसमज असतो की बार आवळला म्हणजे स्प्रिंग कडक झाली. तसं नाही. गाडीचं वजन तेवढंच आहे, त्यामुळे उभ्या गाडीत बारला पीळ जवळपास तेवढाच बसतो. तुम्ही फक्त आर्म खाली ढकलले आणि चेसिस वर गेली. चाकाला वर-खाली व्हायला एकूण जागा ठरलेली असते, ती एक सेंटीमीटरनेही वाढलेली नाही. वर जायची जागा वाढली आणि खाली लटकायची जागा तेवढीच कमी झाली.

आता वरच्या आर्मच्या खाली चेसिसला एक रबर असतं. चाक खाली लटकलं की आर्म त्या रबरावर टेकतो आणि थांबतो. बार जास्त आवळला की गाडी उभी असतानाच आर्म रबराच्या अगदी जवळ येऊन बसतो. मग स्पीड ब्रेकर उतरताना चाक जरा खाली गेलं की ठक. रबर फाटलेलं किंवा दबून गेलेलं असेल तर लोखंडावर लोखंड. नवे शॉकअप टाकून हा आवाज कसा जाणार, तो शॉकअपचा नाहीच. गाडी कडक लागते ती पण यानेच, बारने नाही.

तेव्हा आता कुठलाही पार्ट खोलू नका. गाडी सपाट जागी उभी करा, पुढे-मागे दोन-तीन मीटर ढकलून सोडा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागेवर बसेल. मग दोन्ही बाजूंना त्या रबरात आणि वरच्या आर्ममध्ये किती फट आहे ते बोटाने बघा. दुसरं, चाकाच्या मधोमध, म्हणजे हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत टेपने माप घ्या, चारही चाकांचं. जमिनीपासून मोजू नका, टायरमध्ये हवा कमी-जास्त असली की ते माप फसवतं. आणि गावात कोणाची न उचललेली थार असेल तर तिचं पण हेच माप घ्या. दुकानात आम्ही कायम असंच करायचो, चांगली गाडी शेजारी उभी असली की पुस्तकाची गरज पडत नाही.

ग्रीसचं दुसऱ्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर आहे, पण बूट का फाटला ते पण समजून घ्या. पुढचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) चेसिसला बांधलेलं आहे, चेसिस वर गेली की ते पण वर जातं आणि चाक मात्र जमिनीवरच. मग अ‍ॅक्सल तिरका होतो, बुटाच्या घड्या एका बाजूला दाबल्या जातात, एकमेकींवर घासतात. आज नवा बूट टाकला आणि गाडी तशीच उंच ठेवली तर तो पण टिकणार नाही. टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) पण तसाच तिरका होतो म्हणून टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप, बदलतो, आणि खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी स्वतःच वळते. तुमचं हायवेवरचं इकडे-तिकडे जाणं हेच आहे. स्टेअरिंग परत येत नाही म्हणजे कॅस्टर, चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, पण कमी झालाय. उचलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे हे कोन जुळवणं) केलं होतं का? तुमच्या लिहिण्यात कुठे दिसलं नाही.

घासलेल्या टायरवर तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत आणि फक्त एक कड झिजलेली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर कललंय.

मागचं नंतर बोलू, आधी हे माप पाठवा.

काळी_माती_चोपडा

वरचं सगळं पटलं. मला फक्त ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं त्याबद्दल सांगायचंय, कारण "कधी असतं कधी नसतं" हे वाचून मला माझी गाडी आठवली. रिमच्या आतल्या बाजूला बघा. आपली काळी माती ओली असते तेव्हा रिमच्या आतल्या खोबणीत गच्च बसते आणि ऊन लागलं की विटेसारखी वाळते. एका बाजूला अर्धा-पाव किलोचा गठ्ठा बसला तरी चाकाचं बॅलन्सिंग गेलं. मी दोनदा बॅलन्सिंग करून आलो, तिथे मशीनवर चढवण्याआधी पोरगा चाक धुवायचा म्हणून सगळं बरोबर यायचं आणि शेतात दोन फेऱ्या झाल्या की परत तेच. शेवटी एकदा रस्त्याच्या कडेला बसून पान्याने आतून खरवडली तर ढेकूळच्या ढेकूळ निघालं, कपाशीच्या बोंडाएवढं नाही, नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढं. तेव्हापासून शेतातून हायवेला लागायच्या आधी विहिरीच्या मोटारीचा पाइप चारही रिममध्ये आतून मारतो, बस.

केळीबाग_रावेर

धुळ्याचे आबा, भाऊ, सगळ्यांचे खूप आभार. आज सकाळी सगळं मोजलं.

डाव्या बाजूला त्या रबरात आणि आर्ममध्ये फटच नाही म्हटलं तरी चालेल. काडीपेटी आडवी घालून बघितली, जात नाही, दुमडलेला कागद कसाबसा गेला. उजवीकडे एक बोट जातं. डाव्या रबराचा वरचा भाग चिरलेला आहे आणि आर्मवर तिथेच रंग जाऊन चकाकी आलीय. हबपासून मडगार्डपर्यंत डावी बाजू उजवीपेक्षा दीड सेंटीमीटर उंच भरली. ज्याने बार आवळले त्याने दोन्हीकडे बोल्ट सारखेच फिरवले असं तो म्हणाला होता, तरी फरक का आला समजत नाही.

सावद्याला एका मित्राकडे कंपनीच्या उंचीची थार आहे, संध्याकाळी तिच्याकडे जाऊन आलो. तिच्यात अडीच बोटं आरामात जातात, दोन्हीकडे सारखी. ते बघून मला सगळं कळलं.

टायरवर हात फिरवला, करवतीसारखं लागतं. अलाइनमेंट केलेलं नाही. मीच विचारलं होतं तर तो म्हणाला काही गरज नाही. बूट आतल्या घडीत फाटलाय, बोट जाईल एवढी चीर. पूर्ण वळवून ४बाय४ मध्ये चालवून बघितली तर जॉइंट गेल्याचा कट-कट असा आवाज अजून तरी नाही.

आणि चोपड्याच्या भाऊ, तुमचं पण खरं निघालं. मागच्या उजव्या आणि पुढच्या डाव्या रिममध्ये माती होती, तीन-चार ढेकळं काढली.

आता मागच्या थरथरीचं सांगा. आणि बोल्ट मी घरी सैल करू शकतो का?

तोरणमाळ_घाट

मागच्या थरथरीवर मी लिहितो, हे दुखणं मी सहा महिने भोगलंय. शहाद्याहून तोरणमाळला नेहमी जाणं असतं. सात पायरीच्या घाटात गाडी जोर लावून चढायला लागली की खालून असं थरथरायचं की बाजूला बसलेल्या आईला वाटायचं चाक निघतंय.

तुझं लक्षण तेच आहे, अ‍ॅक्सिलरेटर दिला की येतं, सोडला की जातं. म्हणजे चाक किंवा टायर नाही, प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सकडून मागच्या डिफरन्शियलला ताकद नेणारा लांब दांडा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस (अधिकच्या खुणेसारखे फिरते सांधे) असतात. क्रॉस वाकड्या कोनात फिरला की एका फेरीत दोनदा शाफ्ट जरा पुढे पळतो, जरा मागे राहतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला की हे पुढे-मागे आपसात भागून जातं. कंपनी गिअरबॉक्सकडची फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आणि डिफरन्शियलची फ्लँज एकमेकींना समांतर ठेवते ती याचसाठी. तू मागे लांब शॅकल टाकले, ते पाट्याच्या मागच्या टोकाला असतात, म्हणजे पाट्याचं मागचं टोक खाली गेलं आणि अ‍ॅक्सल फिरून डिफरन्शियलचं तोंड वर झालं. समांतरपणा गेला. त्यात रेस दिली की पाटे पिळतात आणि तोंड अजून वर जातं. पाय सोडला की खाली येतं. म्हणून पाय सोडल्यावर बंद होतं.

मोबाइलमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप येतं. गाडी सपाट जागी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही. मोबाइलची सरळ कड आधी पुढच्या फ्लँजला लाव, मग मागच्या फ्लँजला. माझ्या गाडीत पाच अंशांचा फरक निघाला होता. पाट्याखाली तिरकी वेज प्लेट टाकून पण दुरुस्त करतात, पण मी सरळ जुने शॅकल परत लावले.

अजून एक बघ, आणि हे हसण्यावारी नेऊ नको. गाडी मागून चेसिसला जॅक लावून उचल, खाली घोडी (लोखंडी स्टँड) दे, अ‍ॅक्सल मोकळा लटकू दे आणि ब्रेकची रबरी होज पाइप किती ताणली जाते ते बघ. माझी तारेसारखी ताठ झाली होती. गाडी दगडावर चढून एक चाक लटकलं असतं तर पाइप उपटून आला असता आणि मी तोरणमाळहून खाली उतरणार होतो. हँडब्रेकची केबल पण तशीच बघ. मागचे शॉकअप जुन्याच लांबीचे असतील तर लटकताना ते पूर्ण उघडून टोकाला पोचतात, मग अ‍ॅक्सलचं सगळं वजन शॉकअपच्या बोल्टवर.

एमएच१९_ऑफरोड

मी बॉल जॉइंट म्हटलं ते घाईत म्हटलं, आबांचं बरोबर आहे. पण गाडी परत खालीच करायची असेल तर मग उचलली कशाला? बाजारात जास्त कोनाचे वरचे आर्म मिळतात, पुढचं डिफरन्शियल खाली घ्यायचे स्पेसर मिळतात. ते टाकलं की उंची पण राहील आणि लटकायची जागा पण परत मिळेल. नदीतून जायचंय त्याला, उंची लागणारच.

पाटेवाला_धुळे

भाऊ, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, ज्याला स्पर्धेत पळवायची त्याने ते जरूर करावं. पण या भाऊंना नाल्यातून गोण्या न्यायच्या आहेत. नाल्यात गाडी टेकते कुठे? मागच्या डिफरन्शियलच्या भोपळ्यावर, म्हणजे त्याच्या गोल फुगीर पेटीवर. तो अ‍ॅक्सलवरच आहे, अ‍ॅक्सल चाकावर आहे. तुम्ही चेसिस हातभर उंच करा, भोपळा जिथे आहे तिथेच राहणार. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. यांच्या टायरचा हिशोब केला तर जुना टायर ७३५ मिलिमीटरचा, नवा ७७४ चा. म्हणजे व्यासात ३९ चा फरक, निम्मा म्हणजे १९-२० मिलिमीटर भोपळा वर गेला. गोट्यांतून जाण्यासाठी जे मिळायचं होतं ते टायरने दिलं. बाकीची उंची बंपर आणि पोटाखालच्या दगडांसाठी. तिथे एक इंच कमी केला तर यांच्या वाटेवर काही अडणार नाही असं मला वाटतं. चाक जमिनीला टेकून राहिलं तर गाडी पुढे जाते, हवेत लटकलेलं चाक काय कामाचं.

(याच टायरमुळे स्पीडोमीटर पण पाचेक टक्के कमी दाखवत असेल. काटा ८० वर असला की खरी गाडी ८४ ने चाललेली असते, ध्यानात राहू द्या.)

रावेरच्या भाऊंना: बोल्ट घरी सैल करता येतील. मागच्या चाकांना दगड लावा, पुढून गाडी उचलून चेसिसखाली दोन घोड्या द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली डोकं घालू नका, मी एक माणूस तसा जाताना बघितलाय. चाकं लटकू द्या म्हणजे बारवरचा ताण उतरतो आणि बोल्टचे आटे जात नाहीत. आधी रंगाने खूण करा आणि आट्यांना डिझेल पाजा. दोन-दोन फेरे सैल करा, गाडी खाली घ्या, पुढे-मागे ढकला, मोजा, परत उचला. फेरे सारखे करायच्या नादी लागू नका. दोन्ही बार वापरून सारखे दमलेले नसतात, ड्रायव्हरच्या बाजूला वजन जास्त, म्हणून बोल्ट सारखे फिरवूनही तुम्हाला दीड सेंटीमीटर फरक आला. माप सारखं आणा, फेरे कितीही होवोत. फट दीड बोटाच्या आत ठेवू नका. रबर नवीन टाका.

मागे वाढवलेला पाटा राहू द्या, ओझं नेता तुम्ही. फक्त लांब शॅकल काढा. आणि हे नीट ऐका: शॅकलचे नट गाडी लटकलेली असताना पूर्ण आवळू नका. नुसते टेकवा, गाडी चाकांवर उभी करा, मग आवळा. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि दोन महिन्यांत फाटतो. पाटे बांधून ठेवणारे यू-बोल्ट शक्यतो नवीनच घ्या आणि चार-पाचशे किलोमीटर झाले की परत पाना लावून बघा, नव्या पाट्यात ते हमखास सैल होतात.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. उंची ठरल्याशिवाय केलं तर पैसे पाण्यात.

काळी_माती_चोपडा

एक कागदपत्राचं सांगून ठेवतो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलेला आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर, की कंपनीने ज्या स्वरूपात गाडी मंजूर करून घेतली त्यात मूळ बदल करता येत नाही. उंच गाडीला अपघात झाला तर इन्शुरन्सवाला तेच दाखवतो. घरचे बसतात म्हणालास म्हणून लिहिलं. जेवढी कंपनीच्या जवळ आणशील तेवढं बरं.

केळीबाग_रावेर

बारा दिवसांनी लिहितोय, मध्ये कापणी होती.

पुढचे बोल्ट मी आणि चुलतभावाने मिळून सैल केले. डावीकडे जवळपास सात फेरे लागले, उजवीकडे साडेचार. आता दोन्हीकडे दोन-दोन बोटं फट आहे आणि मडगार्डचं माप सारखं. नवीन रबर टाकलं. फैजपूरपर्यंत जाऊन आलो, वाटेतला एकही स्पीड ब्रेकर मुद्दाम सोडला नाही, ठक आवाज पूर्ण गेला. मी दोनदा काच खाली करून ऐकलं. शॉकअप आणि लिंक रॉड उगाच बदलले याचं वाईट वाटतं, पण ठीक आहे.

बूट बदलला. जॉइंट खोलून रॉकेलने धुतला, गोळ्यांना आणि खाचांना कुठे ओरखडा नाही, बारीक वाळू मात्र ग्रीसमध्ये बोटांना लागत होती. आणखी पंधरा दिवस चालवली असती तर गेलाच असता.

मागे जुने शॅकल लावले, नट आबांनी सांगितले तसेच गाडी खाली घेऊन आवळले. त्याआधी मोबाइलने कोन बघितला होता, चार अंशांचा फरक होता, आता अर्ध्या अंशाच्या आत आहे. शाफ्ट खोललाच होता म्हणून क्रॉस हाताने फिरवून बघितले, मागचा एका दिशेला अडकत होता. कप काढला तर आतल्या सुया कोरड्या आणि तांबूस भुकटी झालेली. तो क्रॉस पण नवीन टाकला आणि शाफ्ट बसवताना बाणाच्या खुणा जुळवून बसवला. ब्रेकची होज आता लटकवून बघितली, ढिली राहते. थरथर नाही. ७० ला नाही, घाटात नाही.

अलाइनमेंट कालच जळगावला करून घेतलं. टो फार बाहेर होता, त्याने मला स्क्रीनवर दाखवला. कॅस्टरसाठी वरच्या आर्मच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलाव्या लागल्या. आता वळणातून स्टेअरिंग स्वतः सरळ येतं. घासलेला टायर स्टेपनीला टाकला.

यू-बोल्टची तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवलीय, त्या दिवसाचं किलोमीटर पण.

आणि एमएच१९ भाऊ, तुमची उंचीची शंका मला पण होती. आज सकाळी दहा गोण्या टाकून त्याच वाटेने गेलो. दुसऱ्या नाल्यात मधोमध एक काळा दगड आहे, गाडी जुन्या टायरवर होती तेव्हा त्यावर भोपळा घासायचा. भावाला खाली उतरवून बघायला लावलं. दगडात आणि भोपळ्यात दोन बोटं जागा राहिली.